एकाच पुलावरून सकाळी १.१ आणि दुपारी ८.४: नदीतला डीओ इतका कसा बदलतो?

मुठाकाठ
बारावीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे: पुण्यातून वाहताना मुठा नदीतला विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, कसा बदलतो. मोजणी एप्रिलमधली, पुलावरून, प्रवाहाच्या साधारण मध्यावर, एक फूट खोलीला. मीटर गॅल्व्हॅनिक प्रोबचं आहे.

सकाळी ६ वाजता: १.१ मिग्रॅ/लिटर, पाणी २६ अंश.
दुपारी अडीच वाजता, तीच जागा: ८.४ मिग्रॅ/लिटर, पाणी ३० अंश.

तीन गोष्टी उलगडत नाहीत. पाण्याला वास मारतोय आणि मीटर ८.४ म्हणतंय, हे कसं? दुसरं, नाला मिळतो तिथे डीओ बरा आहे, पण तिथून चार-पाच किलोमीटर खाली, मध्ये एकही मोठा नाला नसताना, तो आणखी पडलेला. उलटं नको का? आणि तिसरं, विंकलर पद्धतीने (बाटलीतल्या नमुन्यात रसायनं घालून डीओ मोजतात ती) ताडून पाहिलं तर दुपारच्या नमुन्यात मीटर अर्धा मिलिग्रॅम जास्त दाखवतं, सकाळच्या नमुन्यात मात्र जवळपास जुळतं. मीटर गेलंय का?

थायोसल्फेट
तिसऱ्याचं आधी. मीटर टाकू नका. जास्त डीओला चूक मोठी आणि कमी डीओला नगण्य, म्हणजे चूक ठरावीक आकड्याची नाही, टक्केवारीची आहे. कॅलिब्रेशन करताना हवेचा दाब किती भरला होता?

मुठाकाठ
मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये १०१० हेक्टोपास्कल होता, तोच भरला.

थायोसल्फेट
मग सापडलं. ॲपवरचा दाब समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो, म्हणजे तुम्ही समुद्रकिनारी असता तर किती असता, तो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. इथला खरा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. १०१० भागिले ९४५ म्हणजे १.०६९, म्हणून तुमचं मीटर सरसकट सात टक्के जास्त दाखवतंय. ८.४ ला १.०६९ ने भागा, ७.९ येतात. १.१ चे १.० होतात, फरक दिसतही नाही. विंकलर बरोबर होतं.

हाच घोळ संपृक्ततेच्या, म्हणजे पाणी हवेतून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरू शकतं त्याच्या, तक्त्यातही होतो. पाठ्यपुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे: २० अंशांना ९.१, २५ ला ८.३, ३० ला ७.६. पुण्यात हेच साधारण ८.५, ७.७ आणि ७.०५ धरायचे. म्हणजे ३० अंशांच्या पाण्यात ७.९ हा आकडा ‘चांगला’ नाही, तो ११० टक्क्यांच्या वर आहे. हवेतून पाणी आपण होऊन १०० टक्क्यांच्या वर जात नाही. वरचा ऑक्सिजन पाण्यातच तयार झालेला आहे.

मीटर हवेत कॅलिब्रेट करताना प्रोबच्या टोपणात ओला स्पंज ठेवा, पण पटलावर, म्हणजे प्रोबच्या टोकाच्या पातळ पडद्यावर, थेंब नको, आणि उन्हात तापलेल्या कठड्यावर ठेवून करू नका. शून्यही तपासा: १०० मिली पाण्यात २ ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि चिमूटभर कोबाल्ट क्लोराइड. दोन-तीन मिनिटांत ०.२ च्या खाली यायला हवं, नाही आलं तर पटल बदला. आणखी एक, गॅल्व्हॅनिक प्रोब मोजता मोजता पटलाजवळचा ऑक्सिजन खात असतो. बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात तो नुसता लटकवून ठेवलात की आकडा हळूहळू उतरत जातो. सेकंदाला फूटभर वेगाने वर-खाली हलवत राहा, आकडा स्थिर झाला की मग लिहा.

हिरवंपाणी
वर थायोसल्फेट यांनी म्हटलं तसं, दुपारचा जादा ऑक्सिजन पाण्यातच तयार होतो, आणि तो शेवाळाचा आहे. पुलावरून खाली बघा, दुपारी पाणी हिरवट दिसत असणार. मैलापाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर येतो, बंधाऱ्यांमुळे पाणी थांबतं, वर एप्रिलचं ऊन. सूक्ष्म शेवाळाला आणखी काय हवं? उजाडल्यापासून ते ऑक्सिजन सोडतं, दोन ते चारच्या दरम्यान शिखर येतं. सूर्य कलला की कारखाना बंद, पण श्वसन रात्रभर चालू. शेवाळ, जिवाणू, तळाचा गाळ सगळे मिळून साठा खातात आणि पहाटे पाच-सहाला तळ गाठला जातो. तुमची दोन्ही मोजमापं नेमकी दोन टोकांवर पडली आहेत.

वास येतो तो तळामुळे. एक फूट खोलीला ८ असताना गाळालगत शून्य असू शकतं. ऑक्सिजन संपला की जिवाणू आधी नायट्रेट वापरतात, ते संपलं की सल्फेट, आणि मग हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास सुटतो. गाळ काळा दिसतो तो लोहाच्या सल्फाइडमुळे. तेव्हा एका खोलीचं मोजमाप पुरणार नाही. किमान दोन घ्या: पृष्ठभागाखाली ३० सेंमी आणि तळापासून ३० सेंमी वर. प्रोब गाळात टेकू देऊ नका, पटल लिडबिडलं की पुढची सगळी मोजमापं वाया.

‘दुपारी ऑक्सिजन भरपूर म्हणजे माशांची चैन’ असंही समजू नये. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पीएच चढतो. पाण्यातल्या अमोनियाचं विषारी रूप पीएचवर ठरतं. २८ अंशांना पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम दोन टक्के विषारी रूपात असतो, पीएच ९ झाला की चाळीस टक्के. दुपारी अमोनियाने बेजार, पहाटे गुदमरलेला. चिलापी तग धरते, मागूर-शिंगी वर येऊन हवेतूनच श्वास घेतात, बाकीचे जातात. म्हणून डीओसोबत पीएच आणि तापमान दर वेळी लिहाच.

कोथरूडकर
मग जलपर्णी काढतात कशाला? तीही हिरवीच वनस्पती, दिवसा ऑक्सिजन सोडतच असेल की.

हिरवंपाणी
सोडते, पण हवेत. तिची पानं पाण्याच्या वर असतात, ऑक्सिजन तिथूनच निघून जातो. पाण्याच्या वाट्याला येते सावली, म्हणजे खालचं शेवाळ उपाशी. वरून झाकण बसल्यामुळे वारा-लाटांनी हवा मिसळणंही बंद. मुळं श्वसन करतातच, आणि जुनी पानं सडून तळाला जातात. जलपर्णीच्या गालिच्याखाली भरदुपारीही एकाच्या खाली डीओ मिळाला तर नवल वाटून घेऊ नका. गालिचाच्या आत, कडेला आणि मोकळ्या पाण्यात अशी तीन मोजमापं एकाच तासात घ्या, मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट मान्य: मुळं गाळ अडवतात, नायट्रोजन शोषतात. पण ती वेळेवर काढून बाहेर नेली तरच. उपसून काठावर ढीग घातला आणि तो पहिल्या पावसात परत आत गेला तर उपयोग शून्य.

पाणीगणित
आता दुसरा प्रश्न, नाल्यापाशी बरं आणि खाली वाईट. याला ऑक्सिजनची ‘झोळी’ म्हणा. १९२५ साली अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून याचं समीकरण मांडलं, आजची संगणकी प्रारूपंही त्याच पायावर उभी आहेत.

नाला मिळतो त्या जागी फक्त मिसळण होते. घाण आली, पण ती खाल्ली जायची आहे. जिवाणू खाऊ लागतात तसा ऑक्सिजन खर्च होतो, आणि खाण्याला वेळ लागतो. तोवर पाणी पुढे सरकलेलं असतं. दुसरीकडे हवेतून ऑक्सिजन येत राहतो, आणि तूट जितकी मोठी तितका जास्त वेगाने. सुरुवातीला खर्च जमेपेक्षा जास्त, म्हणून डीओ पडत जातो. जिथे जमा आणि खर्च बरोबरीत येतात तो झोळीचा तळ. त्यापुढे नदी सावरते, अर्थात मध्ये दुसरा नाला आला नाही तर.

आकडे घालून बघू. हे मनाने घेतलेत, कुठल्या ठरावीक नाल्याचे नाहीत. नदीत २ घनमीटर/सेकंद, तिचा अंतिम बीओडी (पाण्यातली घाण पूर्ण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ५, डीओ ६.५. नाला ०.५ घनमीटर/सेकंद, बीओडी १००, डीओ शून्य. मिसळल्यावर:

बीओडी = (२×५ + ०.५×१००) ÷ २.५ = २४
डीओ = (२×६.५) ÷ २.५ = ५.२

पाणी २७ अंश, पुण्यात संपृक्तता ७.४, म्हणजे सुरुवातीची तूट २.२. कुजण्याचा दर दिवसाला ०.५ धरू. हवेतून भरण्याचा दर ओकॉनर-डॉबिन्सच्या सूत्राने: ३.९३ गुणिले वेगाचं वर्गमूळ, भागिले खोलीचा दीड घात. वेग ०.१५ मी/सेकंद, खोली १ मीटर, तर २० अंशांना १.५२ येतो. प्रत्येक अंशाला १.०२४ ने गुणत गेलं की २७ अंशांना १.८.

तळ गाठायला लागणारा वेळ: १ ÷ (१.८−०.५) गुणिले नैसर्गिक लॉग [३.६ × (१ − २.२×१.३ ÷ (०.५×२४))]. उत्तर ०.७८ दिवस, साडेअठरा तास. त्या वेगाने पाणी तेवढ्या वेळात दहा किलोमीटर जातं. तिथली तूट ४.५, म्हणजे डीओ २.९. नाल्याच्या तोंडाशी ५.२ आणि दहा किलोमीटर खाली २.९. नकाशावर बघाल तर घाण टाकणारा एकीकडे आणि मासे मरतात भलतीकडे.

आता उन्हाळ्याचं करा. खडकवासल्याचं पाणी कालव्याला आणि नळाला जातं, पावसाळा सोडला तर शहरातल्या मुठेत धरणाचं पाणी जवळजवळ नसतंच. नदी २ ऐवजी ०.२५ घनमीटर धरा, नाला तोच. मिसळलेला बीओडी ६८, डीओ २.२. सूत्र तूट १२.६ सांगतं, म्हणजे डीओ उणे पाच! उणे ऑक्सिजन नसतो. त्याचा अर्थ एवढाच की वाटेत तो शून्यावर आला आणि तिथून पुढे हे सूत्र लागू नाही. नाल्यातली घाण तसूभर वाढली नाही, नदीतलं पाणी तेवढं कमी झालं.

दोन सूचना. प्रयोगशाळा जो बीओडी देते तो तीन दिवसांचा, २७ अंशांचा. सूत्रात अंतिम बीओडी लागतो, घरगुती सांडपाण्याला अंदाजे दीडपट करा. आणि अमोनिया विसरू नका. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३० मिग्रॅ/लिटर अमोनिया-नायट्रोजन असेल तर १३७ मिग्रॅ ऑक्सिजनची मागणी, आणि ती तीन दिवसांच्या चाचणीत फारशी उमटत नाही कारण ते जिवाणू संथ वाढतात. मैलाशुद्धीकरण प्रकल्पातून बीओडी १० चं ‘स्वच्छ’ पाणी सुटलं आणि अमोनिया तसाच राहिला तर खाली दुसरी झोळी पडते.

मुठाकाठ
गणित मुलांकडून करून घेतो. पण नाल्याच्या लगेच खाली घेतलेली दोन मोजमापं, एक डाव्या काठाला आणि एक उजव्या, एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. आणि बंधाऱ्याच्या वर-खालीही मोठा फरक येतो.

पाणीगणित
काठाचं साहजिक आहे. ‘मिसळल्यावर’ असं मी सहज लिहून गेलो, प्रत्यक्षात नाल्याचं पाणी काठाला चिकटून कितीतरी लांब जातं. साठ मीटर रुंद, उथळ, संथ नदीत पूर्ण रुंदीभर मिसळायला कित्येक किलोमीटर लागतात. संगमाच्या पुलावर उभं राहिलं की दोन रंगांच्या पाण्यातली रेघ दिसते, तीच ही गोष्ट. म्हणून पुलावर रुंदीचे चार भाग करा आणि पाव, अर्धा, पाऊण अशा तीन ठिकाणी मोजा. सरासरी काढण्याआधी तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवा.

बंधारा दोन उलटी कामं करतो. मागे पाणी तुंबवतो: खोली १ चे २.५ मीटर, वेग ०.१५ चा ०.०३ झाला तर वरच्या सूत्राने भरण्याचा दर १.५२ वरून ०.१७ वर येतो, नवव्या हिश्शावर. (०.१५ च्या खालच्या वेगाला ते सूत्र मुळात बनवलेलं नाही, तिथे वारा जास्त ठरवतो. दिशा कळण्यापुरतं घ्या.) शिवाय गाळ बसतो तो वेगळाच. मैलाच्या गाळाचा प्रत्येक चौरस मीटर दिवसाला २ ते १० ग्रॅम ऑक्सिजन खातो. मीटरभर खोलीच्या पाण्यात ४ ग्रॅम म्हणजे दिवसाला थेट ४ मिग्रॅ/लिटर.

पण माथ्यावरून पाणी पडतं तेव्हा हवा मिसळते. दीड मीटर उंचीवरून पडलं तर तूट तीस ते चाळीस टक्के भरून निघते. बंडगार्डनसारख्या बंधाऱ्याच्या लगेच खाली मोजलं तर नदी सुधारलेली वाटेल, वर मोजलं तर बिघडलेली. दोन्ही खरं, पण कुठलंच एकटं नदीचं चित्र नाही. खालचा पांढरा फेस साबणाचा आहे, ऑक्सिजनचा पुरावा नाही. उलट साबणाचा थर हवा मिसळण्याचा वेग कमी करतो.

एक विचारायचं राहिलं. नाल्यापाशी किती वाजता मोजलं आणि पाच किलोमीटर खाली किती वाजता? पहिलं सकाळी दहाला आणि दुसरं संध्याकाळी सातला असेल तर झोळी आणि दिवस-रात्र यांची खिचडी झाली. दोन तुकड्या करा आणि एकाच तासात मोजा, पहाटे साडेपाच ते साडेसहा सर्वांत चांगलं. त्या वेळी शेवाळाचं सोंग नसतं.

मुठाकाठ
आणखी एक अडचण, विंकलरची. पहाटेच्या एका नमुन्यात तपकिरी साका (रसायनं घातल्यावर खाली बसतो तो) आलाच नाही, पांढराच राहिला. रसायनं खराब झाली असावीत का? नमुना बादलीने काढून बाटलीत ओतला होता.

थायोसल्फेट
पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन नाही. रसायनं ठीक आहेत, नदी ठीक नाही. मँगनीजला ऑक्सिजन मिळाला तरच तो तपकिरी होतो. खात्रीसाठी त्याच रसायनांनी नळाचं पाणी करून बघा, गडद तपकिरी साका येईल.

बादलीचं मात्र बंद करा. शून्याजवळच्या पाण्याला बादलीतून ओततानाच हवा लागते आणि ०.३ चे दीड-दोन होतात. तुमच्या नमुन्यात बादलीनेही पांढरा राहिला, यावरून काय ते समजा. साधा सॅम्पलर बनवता येतो: रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा, तळाला वजन, आत ३०० मिलीची बीओडी बाटली. डब्याच्या झाकणातून एक नळी बाटलीच्या पार तळापर्यंत, दुसरी झाकणाच्या आतल्या बाजूपासून वर हवेसाठी. बुडवलं की पाणी आधी बाटलीत तळापासून भरतं, उतू जाऊन डबा भरतो. बाटलीतलं पाणी असं दोन-तीनदा बदललं जातं, म्हणून डबा लिटरभर तरी हवा. बुडबुडे थांबले की वर ओढा, बूच तिरकं धरून लावा, आत बुडबुडा राहता कामा नये.

पुढचं पुलावरच करायचं, घरी नेऊन नाही. मँगनस सल्फेट २ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली. अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, पुन्हा तसंच. बूच लावा, पंधरा वेळा उलटीपालटी. साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसला की परत हलवा, परत बसू द्या. ही दुसरी खेप बरेच जण गाळतात आणि मग आकडा कमी येतो. मग संहत सल्फ्युरिक आम्ल २ मिली, बूच, साका पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. आता पाणी आयोडिनचं पिवळं-तपकिरी होतं आणि नमुना बांधला गेला. अंधारात, थंड ठेवून चार ते आठ तासांत टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेटचं द्रावण थेंबथेंब घालून आयोडिन मोजणं, उरका. आम्ल मुलांच्या हातात देऊ नका. मोजे, चष्मा, आणि उरलेलं द्रावण नदीत तर नाहीच नाही.

टायट्रेशनला २०३ मिली घ्या. चार मिली रसायनांनी जेवढं मूळ पाणी बाटलीबाहेर गेलं त्याची ही भरपाई, २०३ मध्ये मूळ नमुना २०० मिली असतो. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असेल तर जितके मिली लागले तितके मिग्रॅ/लिटर, गुणाकार-भागाकार नाही. फिकट पिवळं, वाळक्या गवतासारखं झालं की मगच स्टार्च घाला. आधी घातला तर आयोडिन स्टार्चला घट्ट धरून बसतं आणि शेवट लांबतो. निळा रंग पहिल्यांदा गेला तो शेवट. मिनिटभराने परत निळं झालं तर तिकडे बघायचं नाही. स्टार्च जुना झाला की निळ्याऐवजी जांभळट-लालसर रंग येतो, तो फेकून ताजा करा. थायोसल्फेटची नॉर्मलता टिकत नाही, आठवड्याला डायक्रोमेटने तपासा.

सांडपाण्यातली खरी गोम अशी की अझाइड फक्त नायट्राइटचा अडथळा दूर करतं. पाण्यात सल्फाइड असेल, म्हणजे वास येत असेल, तर ते आयोडिन खाऊन टाकतं आणि विंकलर कमी आकडा देतं. गढूळ पाण्यात साका नीट दिसत नाही, तिथे तुरटी आणि अमोनियाने गाळ बसवून वरचं पाणी नळीने घ्यावं लागतं. काळ्या पाण्यात म्हणून शून्य तपासलेल्या मीटरवर जास्त भरवसा ठेवा. परवडलं तर ऑप्टिकल प्रोब घ्या. तो ऑक्सिजन खात नाही, हलवत बसावं लागत नाही, सल्फाइडनेही सहसा बिघडत नाही. टोपी मात्र वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते, त्या खर्चाची चौकशी घेतानाच करा.

कोथरूडकर
जलपर्णीचं पटलं. पण मग नदीत कारंजी बसवली तर? बागेतल्या तळ्यात बसवतात तशी.

पाणीगणित
वरच्याच उदाहरणातला नाला घ्या. ०.५ घनमीटर/सेकंद गुणिले १०० ग्रॅम/घनमीटर म्हणजे सेकंदाला ५० ग्रॅम, दिवसाला ४,३२० किलो ऑक्सिजनची मागणी. पृष्ठभागावरचे वायुमिश्रक प्रत्यक्ष घाण पाण्यात एका युनिट विजेला एक किलो ऑक्सिजन देतात असं उदारपणे धरलं तरी दिवसाला ४,३२० युनिट, म्हणजे १८० किलोवॉट अखंड, रात्रंदिवस. एका नाल्यासाठी. शोभेचं कारंजं यासाठी नसतंच, त्याची बरीच वीज पाणी उंच उडवण्यात जाते. शिवाय ते दुपारी, माणसं बघायला येतात तेव्हा चालवतात. दुपारी पाणी आधीच ११० टक्क्यांवर असेल तर कारंजं उलट ऑक्सिजन बाहेर घालवतं. चालवायचंच तर रात्री दहा ते सकाळी सात, आणि तेही माशांना आसरा मिळावा म्हणून एखाद्या डोहापुरतं. तेवढीच वीज शुद्धीकरण प्रकल्पाच्या टाकीत वापरली तर घाण नदीत यायच्या आधीच खाल्ली जाते, आणि तिथला गाळ काढून नेता येतो. नदीत बसलेला कोण काढणार?

मुठाकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: तीन पूल, प्रत्येकावर तीन जागा, वर आणि तळाजवळ अशा दोन पातळ्या, पहाटे आणि दुपारी. दाब ९४५ भरून मीटर नव्याने लावतो. मोजणी मे अखेर संपवायची की पाऊस सुरू झाल्यावरही चालू ठेवायची? पावसात पाणी वाढलं की डीओ चढणारच, मग त्यात बघण्यासारखं काही आहे का?

हिरवंपाणी
मे अखेर थांबलात तर सर्वांत बघण्यासारखं निघून जाईल. धरणातून विसर्ग सुटून नदी दुथडी भरली की डीओ चढतो, ते खरं. पण त्याच्या आधी वळवाच्या आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरी येतात, आणि तेव्हा तो पडतो. रस्त्यांवरचं आणि गटारांत महिनोन्‌महिने साठलेलं सगळं एकदम नदीत येतं. प्रवाहाने तळाचा काळा गाळ ढवळला जातो, आणि त्यातलं सल्फाइड आणि फेरस लोह मिनिटांत ऑक्सिजन खातं. जिवाणूंनी खायची वाटसुद्धा बघावी लागत नाही, ती सरळ रासायनिक क्रिया आहे. वर ढगाळ हवा आणि गढूळ पाणी, म्हणजे शेवाळाचं दुपारचं उत्पन्नही बुडतं. मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या बहुतेक याच दिवसांतल्या असतात, आणि मग लोक ‘कुणीतरी विष टाकलं’ म्हणतात.

यासाठी वेळापत्रक उपयोगाचं नाही. पहिली जोरदार सर पडली की दोन तासांत पुलावर पोचा आणि पुढचे बारा तास दर तासाला मोजा. मात्र पाणी पुलाला लागत असेल किंवा विसर्गाचा इशारा असेल तर जाऊच नका. भिडे पुलासारखे सखल पूल तर यादीतूनच काढा. बाटल्या धुऊन, मँगनस सल्फेट आणि अझाइड भरून, मीटरची बॅटरी बदलून पेटी मेच्या मध्यापासूनच दाराशी ठेवा. ही घसरण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दिसेलच असं नाही.